घरची माणसं

कोल्हापूर,
२८ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
हंबीरचा दंडवत. दाजींचा गुडघा कसा आहे? राधानगरीचे दरवाजे उघडले, पण पाणी आमच्या शेडपर्यंत आलं नाही. बाकी ठीक.

सत्काराचा फोटो तू भिंतीला लावलास म्हणे. त्यातला फेटा साडेसहाशेचा, शर्ट चौदाशेचा, आणि भाषण लिहून देणाऱ्या मास्तरांना पेढ्यांचा एक पुडा. एवढ्या स्वस्तात मी बोलून गेलो, "माझ्या शेडमध्ये कामगार नाहीत, सगळी घरची माणसं आहेत." टाळ्या पडल्या. फोनवर ऐकून तू रडलीस.

स्वप्नालीला तू गौरीच्या सणाला घरात घेणार नाहीस, असं तुझा अमरसिंह सांगत होता. "माझ्या भावानं सुनेला कामाला लावली आणि ही त्याच्या तोंडावर काम टाकून गेली," असं तू भावकीत बोललीस. मला विचारलंस तेव्हा मी मोठेपणानं म्हणालो, "जाऊ दे आक्का, पोर आहे, चुकली."

ती चुकली नाही. हे फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून कागद घेतला.

ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा बसवतात, त्याला आम्ही कोअर म्हणतो. स्वप्नालीच्या हातचा कोअर कधी फुटला नाही. एप्रिलात अमरेश नावाचा गडी घेतला, इचलकरंजीचा. त्याला शिकवायला मी तिलाच बसवलं. माझे कान तुला माहीत आहेत, भट्टीच्या आवाजातही कुजबुज सुटत नाही. पगारादिवशी पत्र्याआड उभा होतो.

"वहिनी, मला सहाशे रोजानं लावलंय. तुमचं?"

"तीनशे ऐंशी."

"चुकलं असंल की!"

"चुकतंय कशाचं? तुमी गडी, आनि इचलकरंजीचं. मी बाई, आनि मलकापूरची."

बायका हसल्या. एक म्हणाली, "मग सांग की मालकाला. मामासासरं लागत्यात न्हवं तुझं?"

"म्हणून तर गप हाय. आत्याबाई म्हणत्यात, माझा भाऊ देतोय ते जास्तच असंल."

आक्का, हे तू म्हणाली होतीस.

मी पत्र्याआडून तसाच मागं फिरलो. दुसऱ्या दिवशी तीच केबिनमध्ये आली. मी म्हणालो, "बायकांचं काम हलकं असतं गं."

"हलकं हाय, तर अमरेश भावजींना शिकायला दोन म्हैनं का लागलं?"

"गावाकडच्या माणसाला तेवढं पुरतं."

"मामा, मी ऱ्हाते हितं कोल्हापुरात, कदमवाडीत. मलकापूरची हाय म्हणून घरमालक भाडं कमी घेतोय व्हय?"

उत्तर नसलं की आमच्यासारखा मालक नातं काढतो. मी म्हणालो, "घरच्या माणसानं असं तोंड वर करून पगार मागायचा नसतो."

ती पाया पडली आणि काम सोडून गेली. तिनं भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं. तुझी बोलणी खाल्ली, पण तुला यातलं काही सांगितलं नाही, तेही माझी अब्रू राखायला.

माझ्या शाळेसाठी तू शाहूवाडीला भातलावणीला जायचीस. गड्याच्या निम्मा रोज आणायचीस. मी विचारलं होतं, "निम्माच का?" तू म्हणालीस, "रीत हाय." मी यंत्रं नवी आणली आक्का, रीत तीच ठेवली.

शेडमधल्या बाकीच्या तेरा जणींच्या रोजाचं काय केलंस, हे तू विचारशीलच. अजून काही केलेलं नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणत दोन महिने गेले. हे तुला लिहून कळवल्यावर तरी मला पळवाट राहू नये.

गौरीला सुनेला बोलाव. आपणहून फोन कर, तिची वाट बघू नकोस. मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

ती रस्त्यापलीकडच्या फौंड्रीत कोअरच करते. त्या मालकाचं तिच्याशी काही नातं नाही. तिला सहाशे मिळतात.

तुझ्या निम्म्या रोजावर शिकलेला,
हंबीर