खिडकीवर मागितलेलं कार्ड

४ ऑक्टोबर १९७४, शुक्रवार

मंगळवारच्या नोंदीत चूक आहे. 'सांगलीच्या दवाखान्यात सहा तास बसले' असं लिहिलंय. नऊला पोचले, पावणेदोनला उठले. म्हणजे पावणेपाच तास. रागात सहा झाले. आबांचा नियम: खाडाखोड करायची नाही, चूक सापडली की पुढच्या नोंदीत दुरुस्त करायची. ते लष्करात हवालदार-क्लार्क होते. चौथीपर्यंत मला घरीच त्यांनी शिकवलं, ते असंच.

बाकी नोंद बरोबर. मनाचे डॉक्टर साताऱ्याहून येतात, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. जुलैत आबाच मला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी पाच मिनिटं ऐकलं. म्हणाले, हा आजार आहे, स्वभाव नव्हे. बरा होतो, पण दर महिन्याला येऊन बोलावं लागेल. तारखेचं कार्ड टपालाने येईल. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. म्हणून मंगळवारी आपणहून गेले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "कार्ड पाठवलंय. कार्डाशिवाय नाव पुकारत नाही."

धादांत खोटं.

तपासणी आज १४. (दाराची कडी ९ वेळा, स्टोव्ह ५.)

६ नोव्हेंबर, बुधवार

काल पुन्हा सांगली. मागच्या खेपेसारखंच आबा स्टँडवर आले, सुटे पैसे दिले, गाडी सुटेपर्यंत उभे राहिले.

डॉक्टर आलेच नाहीत. हे कळलं साडेअकराला, तेही शिपायाने खोलीला कुलूप लावलं म्हणून. फळ्यावर काही लिहिलेलं नाही. शेजारी जतकडची एक बाई होती, गप्प गप्प झालेल्या धाकट्या जावेला घेऊन आलेली. तिच्याकडे कालच्या तारखेचं कार्ड होतं. कारकून म्हणाला, कार्ड आहे पण डॉक्टर नाहीत, मी काय करू. ती येऊन माझ्याजवळ बसली.

"तुझ्याकडं कार्ड न्हाई, माझ्याकडं डाक्टर न्हाई. दोघी मिळून एक पेशंट व्हतोय बघ."

हसले. जाऊबाईही जराशी हसली.

कारकुनाला विचारलं, कार्ड माझ्या नावाने पाठवाल का? म्हणे लग्न न झालेल्या मुलीचं कार्ड वडिलांच्याच नावाने जातं.

घरी आल्यावर तक्रारीचा अर्ज लिहिला. आबांनी तपासला. 'कारकून खोटे बोलतात' हे वाक्य काढायला लावलं. म्हणाले, पुराव्याशिवाय असं लिहू नये. अर्ज ते स्वतः पोस्टात टाकणार आहेत. या कामात आबा माझ्या बाजूला आहेत, एवढं बरं.

त. २२.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन तुकाराममामा दारावरून जाताना थांबले. "काय ताई, तीन तारखेला जायाचं न्हवं सांगलीला?"

कुठली तीन तारीख, म्हटलं.

"आवं, शनवारी कार्ड दिलं की आबास्नी. तिसरं हे."

संध्याकाळी आबांना विचारलं. पेपरातून मान वर केली नाही. "त्याला काय कळतंय. दुसऱ्या कुणाचं असंल." मग म्हणाले, येत्या मंगळवारी साताऱ्याची माणसं तुला बघायला येणार. अकरा वाजता. मुलगा पाचगणीला शाळेत मास्तर आहे. आई म्हणाली, मंगळवारी कशाला? "त्यांच्या सोयीनं."

येता मंगळवार म्हणजे तीन तारीख.

त. मोजता मोजता चुकले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आबा मळ्यात गेल्यावर न विचारता त्यांची फाइल उघडली. ही माझी चूक, म्हणून पहिली लिहिते.

तीन कार्डं. दोऱ्यात ओवून तारखेवार लावलेली. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने 'मिळाले', खाली तारीख, खाली आबांची सही. फाडता आली असती. आबांच्याने कागद फाडवत नाही.

पहिलं: बोलावलंय ३ सप्टेंबरला, मिळाले ५ सप्टेंबर. हा दोष दवाखान्याचा.

दुसरं: बोलावलंय १ ऑक्टोबरला, मिळाले २७ सप्टेंबर.

म्हणजे त्या दिवशी माझं नाव यादीत होतं. आबांनी मला गाडीत बसवलं, सुटे पैसे दिले, आणि कार्ड इथे होतं.

तिसरं: ३ डिसेंबर, सकाळी ९. खाली छापलेलं: 'गैरहजर राहिल्यास नाव यादीतून कमी केले जाईल.' मिळाले २३ नोव्हेंबर.

त्याच्या मागे साताऱ्याला पाठवलेल्या पत्राची नक्कल. 'मंगळवार दि. ३ आम्हांस सोयीचा आहे.' तारीख २४ नोव्हेंबर.

सर्वांत खाली माझा अर्ज. आबांच्या दुरुस्त्यांसकट.

दुरुस्ती, दि. ४ ऑक्टोबरच्या नोंदीची: कारकून खोटं बोलला नव्हता.

३० नोव्हेंबर, शनिवार

कार्डं आबांपुढे ठेवली. त्यांनी ती सरळ रेषेत लावली.

म्हणाले, कार्ड उघडं असतं. वर विभागाचं नाव छापलेलं. पोस्टमन आधी वाचतो, मग आपण. गाव म्हणेल पोरगी वेडी आहे.

म्हटलं, तुकाराममामांनी तिन्ही वाचलीत. गावाला माहीत आहे. मलाच नव्हतं. मग १ ऑक्टोबरला मला जाऊ का दिलंत?

"म्हटलं, दोन हेलपाटे पडले की आपोआप नाद सोडशील."

त्यांना वाटतं, सासरी गेल्यावर हे थांबेल. म्हणाले, सगळं तुझ्यासाठी केलं. खोटं नसावं ते. पण अक्षरं ज्यांनी शिकवली त्यांनी माझं नाव असलेला कागद माझ्यापासून... पुढचं लिहिता येत नाही.

तिसरं कार्ड मी उचललं. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

१ डिसेंबर, रविवार

आबा बोलत नाहीत. आई चिवडा करायला बसली आहे, साताऱ्याच्या लोकांसाठी. त्यांना येऊ नका असं कळवावं तर पत्र आता वेळेत पोचणार नाही.

डॉक्टर पुन्हा आले नाहीत तर? मग मी इकडच्या पाहुण्यांसमोरही नसेन आणि तिकडच्या खोलीतही. दवाखान्यावर विश्वास ठेवावा असं त्यांनीही काही केलेलं नाही. पण यादीतलं नाव गेलं तर जुलैपासूनची ही वाट पहिल्यापासून बघावी लागेल, आणि पुढचं कार्ड येईल ते कुणाच्या हातात?

शिवाय गाडी चुकायची भीती. कडी बघायला मी स्टँडवरून दोनदा परत आलेली आहे. आईला हे कधी सांगितलं नव्हतं. आज ती चिवडा हलवता हलवता म्हणाली, "कडी मी बघीन. तू मागं वळू नगंस."

कार्ड पोलक्याच्या घडीत ठेवलंय. साडेसहाची सांगली गाडी. मंगळवार, ३ डिसेंबर १९७४.