भूक कुठे तयार होते

३ फेब्रु.
सकाळी लॅबमध्ये उंदरांची वजनं. ज्यांना भुकेचं हॉर्मोन टोचते ते चांगलेच फुगलेत, पोट भरलं तरी खातात. घरी उलटी तऱ्हा. ऑपरेशनमध्ये जठर काढल्यापासून आई ताटाकडे बघतसुद्धा नाही. डॉ. म्हणाले, चाळीस किलोच्या वर असेल तरच पुढची केमो. आज साडेएकोणचाळीस.

७ फेब्रु.
पुन्हा ओरडले मी आईवर. मनावरच घेत नाहीस तू. 'भूकच लागत न्हाय की गं.' म्हटलं, नखरे आहेत सगळे. लॅबमधून आले तर ताट चाटूनपुसून रिकामं. हिला ओरडल्याशिवाय कळतच नाही.

११ फेब्रु.
ताट रोज रिकामं, वजन मात्र उतरतंय. दारातला लाल कुत्रा गुटगुटीत झालाय. दुपारी लवकर आले. आई पायरीवर बसून त्याला दूध-भाकरी कुस्करून भरवत होती. मला बघून ताट पदराखाली. मी तशीच आत गेले.

१२ फेब्रु.
प्रबंधाचं दुसरं प्रकरण काढलं. माझंच वाक्य: भुकेचं हॉर्मोन मुख्यतः जठरात तयार होतं. तीन वर्षं हेच करतेय, आणि जठर नसलेल्या आईला म्हटलं, नखरे आहेत. दिव्याखाली अंधार. लाज वाटते स्वतःची.
तिला सांगितलं, भूक पोटात बनते, ती जागाच डॉक्टरांनी काढलीय. मग म्हणाली, 'म्हंजी मी खोटं बोलत नव्हते. मला वाटलं, माजंच कायतरी चुकतंय.'
माफी मागायची होती. भांडी घासत बसले.

१६ फेब्रु.
दवाखाना. काटा चाळीसच्या वर. डॉ. खूश, केमो परवा. मला रडूच आलं. बाहेर बाकावर आईनं ओच्यातून किलोचं लोखंडी माप काढून माझ्या हातात दिलं. वळसंगच्या बाजारात भाजी विकायची तेव्हाचं.
'पिशवीत ठेव. लई जड हाय.'
कशाला केलंस आई?
'तुजं तोंड बघवंना मला.'
सांगितलं तर केमो थांबेल. नाही सांगितलं तर एवढ्याशा अंगाला ती सोसेल का... उंदराच्या वजनात दोन ग्रॅमची शंका आली तरी मी पुन्हा काट्यावर ठेवते. डॉ.च्या दारापर्यंत जाऊन परत आले.
घरी आल्यावर आईनं आपणहून भात मागितला. भूक नाहीये तिला, मला माहीत आहे. माझ्याकडे बघत दोन घास खाल्ले.
डॉ.ना फोन अजून केलेला नाही.