दिवाणखान्यातलं रान

३ मार्च

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

नवं घर कसं झालंय ते सविस्तर लिही म्हणालीस, तर ऐक. आमच्या चिरंजीवांनी बाराव्या मजल्यावर रान उभं केलंय. बाबांनी तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली, आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी जंगलच घरी आणलं, असं तो येईल त्याला सांगतो. दुसऱ्यांची घरं सजवण्याचा त्याचा धंदाच, पण हे सांगताना त्याचा आवाज असा भरून येतो, की मी नुसती मान डोलावतो.

खाली नदीच्या तळासारखा हिरवट दगड, वर सागवानी पट्ट्या आणि त्यांतून झिरपणारा उजेड. पितळेच्या वेली. मखमली कोच असा, की बसलं तर उठवायला दोघं लागतात. एक भिंत अख्खी शेवाळाची. खरं शेवाळ, पण औषध घालून मारलेलं. पाणी घालायचं नाही, हात लावायचा नाही. त्यावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद.

शिवाय दिवसभर जंगलाचे आवाज चालू असतात, कुठेतरी जाऊन टिपून आणलेले. त्यात एक हरीण दर अकरा मिनिटांनी धोक्याची हाक देतं. पाहुणे म्हणतात, किती शांत वाटतं! मी मात्र दर वेळी दचकून बघतो, जनावर कुठे आहे ते.

बाकी ठीक. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे मला माहीत नाहीत. गरजही पडत नाही.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोचापर्यंत पोट धरून हसले, कुलुपापाशी हसू थांबलं. सत्तरी गाठलीस तरी खोटं बोलायला शिकला नाहीस. काही लपवायचं असलं की तुझी वाक्यं तुटक होतात, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे. स्वतःच्या घराचं दार माणसाला उघडता येत नाही, आणि म्हणे बाकी ठीक!

मुलाला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसतोस ना? तोंड उघड. मी भाच्यालाही वेगळं पत्र लिहिते आहे, चांगली हजेरी घेणार आहे त्याची. माझी कंबर धड असती तर स्वतःच येऊन ते कुलूप काढलं असतं. वेळेवर जेव, आणि उलट टपाली खरं काय ते कळव.

तुझी आक्का

२ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, म्हणून उत्तराला उशीर झाला. बाबांनी तुला सांगितलेलं दिसत नाही. सहा महिन्यांपूर्वी ते दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि पाच तास सापडले नाहीत. मी इस्पितळंसुद्धा पालथी घातली. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाकावर बसलेले दिसले. मी जवळ गेलो तर त्यांनी मला साहेब म्हणून हाक मारली आणि घरी कसं जायचं ते विचारलं. थोड्या वेळाने ओळखलं, पण तो शब्द माझ्या कानांतून जात नाही. त्यानंतर कुलूप आलं. बाहेर जावंसंच वाटू नये, म्हणून हे सगळं केलं.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक जोडपं घर बघायला आलं होतं. बाईंनी कौतुकाने बाबांना विचारलं, की अगदी जंगलात असल्यासारखं वाटतं ना. बाबा नम्रपणे म्हणाले, की सकाळपासून एक हरीण जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि कोणीच उठून बघत नाही. मंडळी चहा न घेताच गेली. मी तो आवाज बंद केला, आत्या. बाबांनी सोडलेला श्वास मला पलीकडच्या भिंतीपाशी ऐकू आला.

आकडे त्यांना लिहून दिलेत, पत्ता खिशात शिवलाय. ते आता रोज एकटे फिरायला जातात. मी चाळीस पावलं मागे असतो, गाड्यांआड लपत. त्यांना काही पत्ता नाही. एवढं तू कृपा करून त्यांना कळवू नकोस.

तुझ्या रागातसुद्धा मला जागा असू दे.
तुझा भाचा

१५ एप्रिल

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी हजेरी लागू पडली. दार उघडतं. खिडक्या तशाच आहेत.

चिरंजीव रोज माझ्या मागे असतात. मी उभा जन्म चोरट्या शिकाऱ्यांचे माग काढले, आणि याचे बूट तर दोन गल्ल्या आधी ऐकू येतात. दिव्याच्या खांबाआड लपतो, पण पोट बाहेर राहतं. मी सिग्नलला मुद्दाम रेंगाळतो, त्याची चुकामूक नको म्हणून. हे त्याला सांगू नकोस, हिरमुसेल.

परवा वस्ती संपते तिथे खरी टेकडी दिसली. खुरटी झुडपं, वर जाणारी पायवाट. पाय असे शिवशिवले म्हणून सांगू! गुडघ्यांचीही आठवण राहिली नाही. वळण ओलांडून दहा पावलं गेलोसुद्धा. तिथून दिसेनासं व्हायला मला कितीसा वेळ लागणार होता?

तेवढ्यात मागे पळण्याचा आवाज आला. लपण्याचं भान नसलेला, घाबऱ्या माणसाचा.

मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. ती सुटलेली नव्हती. मागचा आवाज थांबला. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी ती दोनदा सोडली, दोनदा बांधली. मग टेकडीकडे न बघता घराकडे वळलो.

अशीच लिहीत राहा, दुसरं काय मागू.
तुझा बारक्या