न केलेली सही

पौर्णिमाच्या बाबांना,

त्या सकाळी मी चूल सारवत होते आणि तुम्ही म्हशीला पेंड चारत होतात. गावातल्या वच्छलाबाईंनी करणी केली, असा कागद घेऊन गावकरी सहीला आले. तुम्ही म्हणालात, "खोटं हाय. मी सही करत न्हाई." मी आतून बोलले, "करा की. नसता उद्या आपल्यावरच आळ येईल." तुम्ही केली नाही. तुम्ही देवाघरी जाईपर्यंत गाव आपल्याशी बोललं नाही, आणि मी तुम्हाला हट्टीच म्हणत राहिले.

काल वाचनालयातलं एक नाटक संपवलं. परदेशातलं जुनं गाव, चेटकीण ठरवून माणसं फासावर देणारं. शेवटच्या अंकात एका शेतकऱ्याला सांगतात, खोट्या कबुलीवर सही दे, जीव वाचेल. तो आपलं नाव त्या कागदावर राहू देत नाही, मरायला जातो. त्याची बायको त्याला अडवत नाही. वाचता वाचता मी डोक्यावर पदर घेतला, कुणी मोठं माणूस दारात आल्यासारखा. असल्याच माणसाला मी बावीस वर्षं भाकरी वाढली, आणि मला कळलं नाही.

आज वच्छलाबाईंकडे गेले. उखाण्यावाचून पहिल्यांदाच तुमचं नाव घेतलं. म्हणाले, "शहादेवांनी सही केली न्हाई, ते तुमाला ठाऊक हाय. करा म्हणत होती, ती मी."

पौर्णिमाची आई