सराई सांभाळताना

आबा, "गोष्ट आदी हाय तशी ऐकायची, मंग तिच्या आत जायचं," असं तुम्ही म्हणायचात. फादर महिन्यातून एकदा मिस्सा करायला येत. बाकीचे रविवार तुमचे, धर्मशिक्षकाचे. आपल्या ओसरीवर माणसं जमायची. एका रविवारी दयाळू शोमरोन्याची गोष्ट होती. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, त्याला बघून पुढे गेलेला याजक, आणि परका असून थांबलेला शोमरोनी. ती सांगून झाल्यावर तुम्ही आत गेलात. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती आचार्य ती कशी वाचत ते सांगू लागलात. वाटेत पडलेला म्हणजे आदाम, म्हणजे आपण सगळे; शोमरोनी म्हणजे प्रभू; जखमांवर ओतलेलं तेल म्हणजे त्याची कृपा; जखमीला ज्या सराईत नेलं ती ख्रिस्तसभा. "आन् सराईवाला म्हंजी ज्याच्या हवाली करून परभू गेला तो. मी येतो म्हनला. तवर सांभाळायचं."

आई आत चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "सराईवाल्याच्या बायकोला कुनी इचारलं का? भाकरी तर तिनंच थापल्या असत्याल."

सगळे हसले. शेळ्या राखणारे म्हातारे म्हणाले, "मास्तर, मास्तरीनबाईला बी आचार्य करा आता."

तुम्ही हसला नाहीत. "पुस्तकात न्हाई ते वाढवू नये," एवढंच म्हणालात. आईने पुढची भाकरी थापायला घेतली.

दिवाळीच्या आसपास निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची. ज्यांना चालवत नाही अशा एकदोन म्हाताऱ्यांना तुम्ही घरी आणून ठेवायचात आणि आपली सराई भरली म्हणायचात. त्यांची अंथरुणं आई धुवायची. एकाचा मुलगा लाजत म्हणाला होता, सिस्टरांच्या आश्रमात ठेवू का बापाला? तुम्ही त्याला म्हणालात, "परभूनं आपल्या दारात आनून ठेवलंय. दुसरं दार कशाला दाखवायचं?" मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो, पण आता त्या आठवणीत मला आईचे ओले हातही दिसतात.

आता आईच खाटेवर आहे. अर्धांगवायूने तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली. सकाळी तिला पुसते, कूस बदलते, पेज भरवते, मग शाळेत शिकवायला जाते. दुपारी शेजारीण डोकावते. परत येते तेव्हा दारातच वासावरून कळतं काय काय धुवायचं आहे. भाऊ पुण्याहून फोनवर विचारतो, "आई कशीय?" मी "बरी आहे" म्हणते आणि तो सुटतो.

तुम्ही गेल्यानंतर त्या जुन्या आचार्यांचं मराठीत जे मिळालं ते वाचलं. कुणी तेलाचा अर्थ लावला, कुणी जखमीला वाहून नेणाऱ्या जनावराचा, कुणी वाटेचा. फादर म्हणाले, आत कितीही जा, पण बाहेरची साधी गोष्ट मोडू द्यायची नाही, तीच पाया आहे. मग मी ती साधी गोष्टच पुन्हा वाचली. जखमी दुसऱ्या दिवशी उठला का, हे त्यात नाही. तो वर्षानुवर्षं पडून राहिला तर सराईवाल्याने काय करायचं, तेही नाही. त्याच्या थकव्याबद्दल कुणी लिहिलं असेल तर मला सापडलं नाही. मी पुस्तकात नाही ते वाढवते आहे, हे कळतं मला.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. कधी कधी आईला भरवताना माझा हात मुद्दाम घाई करतो. तिला ठसका लागतो, ती माझ्याकडे बघते, आणि त्या बघण्यात राग नसतो.

आश्रमात एक खाट रिकामी झाली आहे. सिस्टरांना रविवारपर्यंत कळवायचं आहे. आईला मी अजून विचारलेलं नाही, कारण ती डोळ्यांनी लगेच हो म्हणेल. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक आहे, तरी तुम्हालाच विचारते. आबा, तिला आश्रमात जाऊ द्या.