बिनलग्नाचा ढावलो

याडी,

आपल्या तांड्याच्या बोलीत लिहायला मला येत नाही. शाळेत चौथीपर्यंत जे शिकवलं ते मराठीत, म्हणून मराठीत लिहिते. तुला दोन्हींतलं एकही वाचता येत नव्हतं, तेव्हा तुला काय फरक पडणार. लाइट गेली आहे, दुकानातल्या शिलाई मशीनची मोटार बंद आहे, बाळापुरात आज बाजार नाही म्हणून गिऱ्हाईकही नाही. नाहीतर असलं लिहीत बसायला मला सवड नसते, अन् आवड तर नाहीच.

तुझी नात पुण्याला गाणं शिकते. भजन नाही, रागदारी नाही. आत्ताचं गाणं, मोबाइलवर वाजतं तसलं. ते म्हणायचं कसं अन् स्वतः लिहायचं कसं, याची डिग्री असते. बारावी झाल्यावर तिनं घरात हे सांगितलं तेव्हा तुझा जावई म्हणाला, "डिग्री करून काय, बेंजो पार्टीच्या गाडीवर उभी राहती का?" ती म्हणाली, "राहीन की उभी. पण गाणं माझं राहील." दोघं रोज भांडायची. शेवटी मीच म्हणले जाऊ द्या तिला, घरात शांतता तरी होईल. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सुट्टीत आली की सांगायची, श्वास पोटातून घ्यायचा, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, अन् गाण्यालाही हुक लागतो म्हणे, ऐकणाऱ्याच्या डोक्यात अडकून बसेल अशी ओळ. मी म्हणले, मग मलाही द्या डिग्री, मी दिवसभर ब्लाउजला तेच लावते. ती हसली, मीही हसले. तोवर सगळं बरं होतं.

शेवटच्या वर्षाला तिला स्वतःचं गाणं रचून परीक्षेत म्हणायचं होतं. तिच्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, तुझी गाणी दुसऱ्याच्या घरची वाटतात, तुझ्या घरचं काहीतरी आण. म्हणून दिवाळीला आली तर दोन दिवस नुसती घरात फिरत होती, भिंतीला हात लावत. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत सुईत दोरा ओवते आहे, ती आत भाकरी थापते आहे, अन् थापता थापता काहीतरी गुणगुणते आहे. मी काम न सोडता म्हणले, "हां याडी, आले." म्हणून झालं अन् मग माझा हात थांबला. कारण आत आई नव्हती, माझी पोरगी होती, अन् तू जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली.

शब्द नव्हते. नुसता सूर होता. पण ओळ संपायच्या आधी ती मधेच थांबली, लांबून कुणी हाक मारली का म्हणून कान द्यावा तशी, अन् मग शेवटचा सूर खाली ठेवून दिला. तसं तुझ्याशिवाय कुणी करत नव्हतं. तांड्यात ढावलो सगळ्या बाया म्हणायच्या, पण तो थांबा तुझा होता.

मी आत गेले अन् तिला म्हणले, "बंद कर ते." तिनं विचारलं, "काहून? काय हाय हे?" तिला खरंच माहीत नव्हतं. मग मला सांगावं लागलं. आपल्यात नवरी नुसती रडत नाही, गाऊन रडते. आईच्या गळ्यात पडून, बापाच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून. प्रत्येकाची ओळ वेगळी. लग्नाआधी जाणत्या बाया तिला ते शिकवतात, त्याला ढावलो म्हणतात. अन् ज्या घरात लग्न नाही त्या घरात तो म्हणायचा नाही. "म्हणला तर?" ती म्हणाली. मी म्हणले, "भाकरी करपून राहिली, बघ."

म्हणला तर काय होतं ते मला तिला सांगवलं नाही. तुला सांगायची गरज नाही. तुझी थोरली लेक मला दिसते अजून. उसाच्या फडात, आपल्या कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या मागं, हातात कोयता, अन् ढावलो म्हणते आहे. सोयरीक जमली होती, लग्नाला अवकाश होता, पण तिला धीर कुठला. आवाज होता तिला, तुझ्यावर गेला होता. तू पाण्याची घागर घेऊन येतेस अन् तिला रागं भरतेस, "लगन लागलं का तुहं? कुणासाठी रडून राहिली आतापासून?" ती म्हणते, "याडी, पाठ करून राहिले. ऐनवेळी विसरले म्हंजे तूच मारशील." अन् हसते. मग ताप आला, फडातून दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं, लग्नाआधीच गेली. डॉक्टरनं तापाचं नाव सांगितलं होतं, ते तू ऐकलंसुद्धा नाहीस. तू तुझ्या मनानं ठरवलंस, बिनलग्नाचा ढावलो तिला घेऊन गेला. त्यानंतर तुझ्या तोंडून ढावलो कुणी ऐकला नाही. तांड्यात कुणाच्याही पोरीचं लग्न असो, बाया बोलवायला आल्या की तू तंबाखू मळत बसायचीस अन् खोकला झालाय म्हणून सांगायचीस.

माझ्या लग्नात तू मला शिकवला नाहीस. काकी म्हणाली, "वहिनी, पोरगी मुकी जाईल." तू म्हणालीस, "जाऊ दे मुकी." मी तुझ्या गळ्यात पडले अन् नुसती उभी राहिले. नवऱ्याकडच्या बाया बघत होत्या. एक म्हणाली, "नवरी हाय का मांडवाचा खांब हाय?" सगळ्या हसल्या. तू माझ्या कानाशी बोललीस, "जा. गप जा." तेवढंच. मी कितीतरी वर्षं हेच धरून बसले, की थोरलीसाठी तुझ्याकडं गाणं होतं, माझ्यासाठी दोन शब्द होते.

तर मग पोरीला हे आलं कुठून? मी तिला विचारलं, ती म्हणाली, "ठाऊक न्हाई आई. लहानपणापासून डोक्यात हाय. मला वाटायचं मीच बनवलं." तू आठवते का विचारलं, तर तुझ्या ओढणीचे आरसे आठवतात म्हणाली, बाकी काही नाही. मला त्या रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी शेजारच्या काकूंकडं गेले. त्या घंटी वाजवून देवपूजा करणाऱ्या बाई, त्यांना आपल्यातलं काय माहीत. त्यांना विचारलं, आमची म्हातारी इथं राहून तान्ह्या पोरीला सांभाळायची तेव्हा काही म्हणायची का? काकू म्हणाल्या, "म्हणायच्या कुठं? रडायच्या बिचाऱ्या. रोज दुपारी, मागच्या दारी झोळी हलवत. आम्ही आपसात म्हणायचो, लेकीच्या घरी सुख दिसत नाही म्हातारीला. तुम्हाला कसं विचारायचं म्हणून गप्प बसलो." मी पुढच्या खोलीत पायमशीन चालवत होते, याडी. त्या खडखडाटात मला मागच्या दाराचं काय ऐकू येणार. लग्न नव्हतं, काही नव्हतं, अन् तू माझ्या घरात माझ्या लेकराला ढावलो म्हणत होतीस. मला राग आला. भीती नंतर वाटली.

पोरगी मात्र अडून बसली. हाच सूर घेते म्हणाली, शब्द माझे. मी म्हणले, दुसरं काही घे. ती म्हणाली, "तू हो म्हणल्याबिगर म्हणणार न्हाई. पण एक सांग. पोरगी काय लगन झाल्यावरच घर सोडती का? मी पुण्याला गेले तवा काय केलं? बॅग उचलली अन् गाडीत बसले. तू म्हणलीस, पोचल्यावर फोन कर. मला रडायचं होतं आई, पण कसं रडायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं." मी चहा ठेव म्हणले. चहा पिऊन झाल्यावर मनात म्हणले, ते सगळं खोटं असतं, ताप तापानंच येतो. अन् तिला म्हणले, "हो, म्हण."

परीक्षेला मी अन् तुझा जावई हिंगोलीहून रेल्वेनं गेलो. अंधारा हॉल, एसीचा गारठा. स्टेजवर एक पोरगा गिटार घेऊन, एकजण ढोलासारख्या पेटीवर बसून तीच वाजवत होता, अन् मधी तुझी नात. शब्द मराठी होते, गाडीचे, स्टँडचे, होस्टेलच्या खाटेचे. पण गळा तुझा. तिनं थांबा घेतला तेव्हा वाजवणारेही थांबले, अन् मला वाटलं आता मागून तू खोकशील. मी मान वळवून बघितलं. मागं कुणाचीतरी आई बसली होती, तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, छान म्हणते म्हणून. बेंजो पार्टीवरून बोलणारा तुझा जावई बाहीनं नाक पुसत होता. परीक्षा घेणाऱ्या सरांनी तिला विचारलं, "तो पॉज कुणी शिकवला?" ती म्हणाली, "नानीनं. मला आठवत न्हाई, पण तिनंच." मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले. तू मला शिकवला नाहीस ते काहून, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मला तू जगवायला निघाली होतीस. मग तिला कसा म्हणलास? तिच्यासाठी तुला भीती वाटली नाही, का थोरली तुला इतकी आठवली की राहवलं नाही? हे विचारायला तू पाहिजे होतीस.

ती पास झाली. चांगली आहे, जेवते, भांडते, आता पुण्यातच गाणी करते. अन् मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिला फोन लावते. ती म्हणते, काय काम हाय, मी म्हणते काही न्हाई, काय खाल्लं. तिला वाटतं आई आता मऊ पडली. ती फोन उचलून "हां" म्हणेपर्यंत मी कुलपाला चावी लावत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिच्या बापालाही नाही.