सतरा नंबरचा ठोकळा

२ मार्च
आज कामावर रुजू झालो. प्रयोगशाळा धक्क्याच्या टोकाला आहे. खिडकीतून नुसता समुद्र. राहायला वरचीच खोली, हवेशीर. काम मनासारखं आहे. पोलाद वितळवताना भट्टीत वर येते ती मळी, म्हणजे स्लॅग, खडीऐवजी घालून काँक्रीटचे ठोकळे केलेत. ते खाऱ्या पाण्यात किती टिकतात ते पाहायचं. ओहोटीला वर काढायचे, मोजायचे, हातोडीने ठोकून ऐकायचे. खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर आत तडा. मिस्त्रीकाका म्हणाले, सासऱ्याने मला असं ठोकून पाहिलं असतं तर मी अजून सडाफटिंगच असतो. बऱ्याच महिन्यांनी हसलो.

५ मार्च
नोंदवहीत पाहिलं. मळी दादाच्या कारखान्यातली आहे. मागच्या वर्षी दादा तिथे उकळत्या मळीत पडला. हाती काहीच लागलं नाही, म्हणून आई अजून तो गेला असं म्हणत नाही. सतरा नंबरच्या ठोकळ्यात त्याच दिवशीची मळी आहे. इथे कुणाला बोललो नाही.

११ मार्च
सतरा नंबर दोन मिलिमीटर वाढलाय. साहेब म्हणाले, मळीत कच्चा चुना राहिला की पाणी पिऊन फुगतो, त्यात काय एवढं. पटलं. पण बाकीचे ठोकळे गार असतात. हा कोमट लागतो.

१४ मार्च
ठोकलं. आतून ठोका आला. काकांनी कान लावला, मग हातोडी खाली ठेवली. म्हणाले, पोरा, याला हाक मारू नकोस.
मी आधीच मारली होती.

१७ मार्च
आईला फोनवर सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ती म्हणते, फोडू देऊ नकोस, त्याला घरी आण.

१९ मार्च
साहेब ऐकत नाहीत. फुगलेला ठोकळा आधी यंत्राखाली दाबून फोडायचा, असा नियम. उद्या अकराला. माझ्याच हाताने.

२० मार्च
फोडला नाही. उचलून खोलीत आणला, कडी घातली. साहेब दार बडवताहेत. ठोकळा टेबलावर आहे. हात लावला तर भाजतो —

आपोआप तडा गेला. आत लाल. अजून उकळतंय. दादा अजून पडतोच आहे. वर्षभर — पडतोच —

उजवा हात दिला. त्याने धरला. डाव्याने लिहितोय. वर येत नाही, जड आहे — आई, तो सापडला, पण सोडत ना